मुलाला कॅलिफोर्नियात दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक. बहिणीच्या लग्नाला नागपूरला यावे का?

प्रश्न : त्रिमूर्तीनगरचे एक वडील (गुरुवार)

नमस्कार. मी नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. माझा मुलगा चार वर्षांपासून अमेरिकेत सॅन होजे येथे एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर काम करतो. मागच्या शनिवारी रात्री मित्राच्या घरचे जेवण आटोपून परतताना पोलिसांनी त्याची गाडी थांबवली. श्वासाच्या चाचणीत रक्तातील मद्याचे प्रमाण ०.११ टक्के आले आणि त्याला अटक झाली. रात्र कोठडीत काढल्यावर सकाळी त्याला सोडले. कोणाला इजा झाली नाही, यासाठी मी देवाचे आभार मानतो; पण त्याच्या गाडीखाली कोणाचे लेकरू आले असते तर, या विचाराने मला अजून झोप लागत नाही, आणि हे मी त्यालाही स्पष्टपणे सांगितले आहे.

पोलिसांनी त्याचा परवाना ठेवून घेतला आणि बदल्यात एक गुलाबी कागद दिला. त्याचा फोटो त्याने मला पाठवला आहे. त्या कागदावर तीस दिवस गाडी चालवता येते, असे तो म्हणतो. कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

मार्गशीर्षात आमच्या मुलीचे लग्न आहे. हॉल ठरला आहे, पत्रिकेचा मजकूर छापखान्यात गेला आहे आणि मुलाचे तिकीट अटकेच्या आधीच काढलेले आहे. माझा पुतण्या म्हणतो की आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड भरला की प्रकरण मिटते, तसेच तिकडेही मिटेल. व्हिसाची मुदत अजून दीड वर्ष आहे आणि गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही. अशा स्थितीत त्याने लग्नाला येऊन परत जावे का? फारच अडचण आली तर कॅनडाला जाईन, असेही तो म्हणतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : मूळचा महालचा, सध्या फ्रिमाँट

काका, लग्नाचा विषय थोडा बाजूला ठेवतो, कारण त्याआधीची एक मुदत तुमच्या हातून निसटू शकते. तो गुलाबी कागद निव्वळ तात्पुरता परवाना नाही, तर परवाना निलंबित होणार असल्याची ती नोटीस आहे. अटकेपासून दहा दिवसांच्या आत तिथल्या मोटार वाहन विभागाकडे, म्हणजे डीएमव्हीकडे, सुनावणी मागितली नाही तर तीस दिवसांनंतर निलंबन आपोआप लागू होते, आणि पहिल्या प्रकरणात ते चार महिन्यांचे असते. सुनावणी मागितल्यास तिचा निकाल लागेपर्यंत निलंबन सहसा थांबते. कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात आहे म्हणून अनेक मुले निवांत बसतात आणि तेवढ्यात हे दहा दिवस निघून जातात. डीएमव्हीचे प्रकरण आणि कोर्टाचे प्रकरण या दोन स्वतंत्र वाटा आहेत. आज गुरुवार आहे, म्हणजे त्याच्याकडे जेमतेम चार-पाच दिवस उरले आहेत.

कोर्टात पहिल्याच गुन्ह्यात दोषी ठरल्यास मूळ दंड ३९० ते १,००० डॉलर असतो, पण त्यावर इतके अधिभार चढतात की प्रत्यक्षात भरावी लागणारी रक्कम कित्येक पटींनी वाढते. त्याशिवाय तीन ते पाच वर्षांचे प्रोबेशन, म्हणजे कोर्टाच्या अटींखालची मोकळीक, आणि निदान तीन महिन्यांचे दारू पिऊन गाडी चालवण्याविषयीचे वर्ग असतात. सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही आहे. त्यानंतरची दहा वर्षे पुन्हा असे घडले तर तो दुसरा गुन्हा मोजला जातो.

आता व्हिसाविषयी. ‘गुन्हा सिद्ध झालेला नाही’ हा दिलासा इथे उपयोगी पडत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने नोव्हेंबर २०१५ पासून असे धोरण ठेवले आहे की गेल्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झालेली असली, तरीही वकिलातीला व्हिसा रद्द करता येतो. त्याची सूचना बहुधा ईमेलने येते. व्हिसा रद्द झाला म्हणून मुलाला लगेच देश सोडावा लागत नाही, कारण त्याचा तिथला मुक्काम देशात शिरताना होणाऱ्या आय-९४ या नोंदीवर आणि कंपनीच्या मंजूर अर्जावर चालतो. पण तो एकदा बाहेर पडला की तोच व्हिसा दाखवून परत जाता येत नाही. मुंबईच्या वकिलातीत नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणून माझा सल्ला असा की या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत आणि व्हिसाची नेमकी स्थिती कळेपर्यंत त्याने अमेरिकेबाहेर पाऊल टाकू नये.

उत्तर २ : धरमपेठ, पूर्वी न्यू जर्सी

काका, तुमची घालमेल मला अगदी जवळून माहीत आहे. माझ्या यजमानांना न्यू जर्सीत अशीच अटक झाली होती. त्या राज्यात दारू पिऊन गाडी चालवणे हा फौजदारी गुन्हा नसून वाहतुकीच्या नियमांचा भंग मानला जातो, त्यामुळे दंड भरला, वर्ग पूर्ण केले आणि प्रकरण संपले असे आम्ही धरून चाललो. वर्षभराने सासरे गेल्याचा फोन आला. त्या रात्री मिळेल त्या विमानाने आम्ही नागपूर गाठले. तेराव्यानंतर परतीची तयारी करताना यजमानांनी जुना ईमेल उघडला, तर व्हिसा रद्द झाल्याचे पत्र सात महिन्यांपासून तिथे न वाचलेले पडून होते.

पुढचे पाच महिने आम्ही इथेच अडकलो. मुंबईतल्या मुलाखतीनंतर त्यांना वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे पाठवण्यात आले. गेल्या पाच वर्षांत अशी एक जरी अटक असली तरी ही तपासणी करायला सांगतात. रक्त घेतले आणि मग कितीतरी वेळ प्रश्न चालले : शेवटचा घोट कधी घेतला, आठवड्यातून किती वेळा घेता, एकटे असताना घेता का, घरच्यांनी कधी टोकले आहे का. मी बाहेरच्या बाकावर कोर्टाच्या कागदांची फाइल मांडीवर घेऊन बसले होते. दारूचे व्यसन आणि त्यातून घातक वर्तन आहे असा निष्कर्ष निघाला, तर व्हिसा नाकारला जातो. आमच्या बाबतीत तसे झाले नाही, पण कोर्टाच्या कागदांची शिक्का असलेली प्रमाणित प्रत आमच्याजवळ नव्हती आणि ती तिकडून मागवण्यातच सहा आठवडे गेले.

त्या काळात इथल्या एका एजंटाने आम्हाला डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जातील अटकेच्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहायचा सल्ला दिला होता. काका, तसे चुकूनही करू देऊ नका. अटकेच्या वेळी घेतलेले बोटांचे ठसे वकिलातीला दिसतात, आणि खोटे उत्तर पकडले गेले तर अमेरिकेत प्रवेशाची कायमची बंदी लागू शकते. अटक ही भरून निघणारी चूक आहे, हे खोटे तसे नाही.

उत्तर ३ : एक वकील, नागपूर खंडपीठ

मी भारतात वकिली करतो, तेव्हा तिकडच्या प्रकरणात अंतिम सल्ला तिथल्या वकिलाचाच घ्यावा. मात्र दोन गैरसमज दूर करणे मला गरजेचे वाटते.

पहिला पुतण्याचा. आपल्याकडे मर्यादा तिकडच्यापेक्षा कडक आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के; कॅलिफोर्नियात ती ०.०८ टक्के आहे. कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंड भरून सुटणे हा आपल्याकडचा प्रघात आहे, कायदा नव्हे. शिवाय परक्या देशात राहणाऱ्या माणसासाठी दंडाची रक्कम ही सर्वांत किरकोळ बाब असते.

दुसरा कॅनडाचा. १८ डिसेंबर २०१८ पासून कॅनडाने या गुन्ह्याची कमाल शिक्षा पाच वर्षांवरून दहा वर्षे केली, आणि त्यामुळे तो ‘गंभीर गुन्हेगारी’च्या वर्गात गेला. कॅलिफोर्नियात एकदाही दोषी ठरल्यास कॅनडाचे दार बंद होऊ शकते, आणि शिक्षा पूर्ण झाल्यावर पाच वर्षांनी पुनर्वसनाचा अर्ज करून ते उघडून घ्यावे लागते. म्हणजे ज्या वाटेने तो निसटण्याचा विचार करतो आहे, तिथे नियम अधिक कठोर आहेत.

देशातून काढून टाकतील ही भीती मात्र तूर्त बाळगू नये. इजा न झालेला पहिला साधा गुन्हा एवढ्या कारणाने सहसा तसे होत नाही. दारूच्या नशेत अपघात करून माणसे जखमी केल्याच्या प्रकरणातही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो हद्दपारीला कारण होणारा ‘हिंसक गुन्हा’ ठरत नाही असा निर्णय दिला होता. त्याच न्यायालयाने २०१० मध्ये, गुन्हा कबूल केल्यास हद्दपारीचा धोका आहे का, हे आरोपीला सांगणे बचाव पक्षाच्या वकिलाचे कर्तव्य ठरवले. म्हणून पहिल्याच तारखेला घाईने कबुली देऊ नये, आणि फौजदारी वकिलासोबत इमिग्रेशनचा वकीलही गाठावा. कंपनीचा इमिग्रेशन वकील कंपनीचेही हित पाहतो. त्याच्याशी बोलण्याआधी मुलाने स्वतःचा वकील करावा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (शनिवार)

आपण तिघांचे मनापासून आभार. डीएमव्हीकडे सुनावणीची मागणी काल वकिलामार्फत गेली. इमिग्रेशनच्या वकील बाईंशीही बोलणे झाले. त्यांनी पहिल्याच वाक्यात विमानाचे तिकीट रद्द करायला सांगितले. कॅनडाचा विषय मुलाने स्वतःहून सोडला. ईमेलचे जुने खातेही तो आता रोज उघडतो.

मुलीला मी रात्री जेवताना सांगितले. ती बराच वेळ ताटाकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली की दादाचे नाव पत्रिकेतून काढायचे नाही. मी सकाळी छापखान्यात जाऊन मजकूर आहे तसाच ठेवायला सांगून आलो. लाजाहोमात तिच्या ओंजळीत लाह्या घालायला आणि जावयाचा कान पिळायला आता माझा पुतण्या उभा राहील.