आईच्या गुडघेदुखीची नोंद कशी ठेवू? दर वेळी "दहापैकी चार"च सांगते

नमस्कार. आईचं वय ६८, दोन्ही गुडघ्यांची झीज आहे. तपासणीला गेलं की डॉक्टर विचारतात, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. किती धरू?" आई माझ्याकडे बघते आणि म्हणते, "धरा चार." तीन महिन्यांपूर्वीही चारच होते. मधल्या काळात ओट्याजवळ स्टूल आलं, पोळ्या दोन खेपांत लाटायला लागली आणि भजनाला जाणं सुटलं, कारण तिथे खाली बसावं लागतं. पण कागदावर चारच, म्हणून गोळ्याही त्याच.

तिला दुखणं सांगता येत नाही असं नाही. रात्री ठणका लागतो, जिना उतरताना कळ येते, पटकन वळली की चमक निघते, फार वेळ उभी राहिली की पायांना रग लागते. आकडा विचारला की या सगळ्याचं मिळून "चार" होतं.

शोधताना वोमॅक नावाची प्रश्नावली सापडली. २४ प्रश्न आहेत: दुखण्याचे ५, ताठरपणाचे २ आणि हालचालींचे १७. हे मला पटलं. पण त्यात मोजे घालणं, बाथटबमध्ये उतरणं असं विचारलंय. आमच्याकडे बादली आणि तांब्या! आईचं अडतं ते मांडी घालताना, उकिडवं बसताना, जमिनीवरून उठताना.

घरी कुणी अशी वही ठेवली आहे का? रोज लिहावं का? रोज विचारलं की ती चिडते. आणि डॉक्टरांकडे मिळणाऱ्या पाच मिनिटांत नेमकं काय दाखवावं?

प्रतिसाद १
मी फिजिओथेरपिस्ट आहे. रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे. 'पेग' ही तीनच प्रश्नांची पट्टी आहे: गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं, त्यामुळे जगण्यातला आनंद किती कमी झाला, रोजच्या कामांत किती अडथळा आला. प्रत्येकाला ० ते १०, मग तिन्हींची सरासरी. आणखी एक करता येईल. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीशी घडी घालून ३० सेकंदांत त्या किती वेळा पूर्ण उभ्या राहतात ते मोजा. तुम्ही शेजारीच उभ्या राहा. तोल जात असेल तर मुळीच करू नका.
वोमॅकची भारतीय राहणीला धरून बदललेली आवृत्ती पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने केली आहे, तीबद्दल डॉक्टरांना विचारा. गुडघा अचानक सुजला, लाल झाला किंवा ताप आला तर वहीत लिहीत बसू नका, लगेच दाखवा.

प्रतिसाद २
सासूबाईंना "दुखतंय का" विचारलं की "नाही गं" म्हणायच्या. मग मी "आज काय करायचं राहिलं?" असं विचारायला लागले. त्यावर मात्र सगळं सांगायच्या. तीच यादी डॉक्टरांपुढे ठेवली.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार. काल फोनवर तसंच विचारलं. म्हणाली, चार दिवस तुळशीला पाणी घालणं शेजारच्या मुलीवर सोपवलंय, अंगणाची पायरी उतरवत नाही. मला हे माहीतच नव्हतं. वहीत पहिली नोंद तीच केली. एक राहिलं: खुर्चीची चाचणी गोळी घेण्याआधी करायची की नंतर?

प्रतिसाद १
कधीही करा, पण दर वेळी त्याच वेळेला. गोळी किती वाजता घेतली तेही शेजारी लिहा.