चौपदरीकरणाच्या आखणीत स्थानिकांना केव्हा आणि कसं सामील करून घ्यावं?

नवी_आखणी:
मी रस्त्यांच्या सल्लागार संस्थेत कनिष्ठ अभियंता आहे. एका दुपदरी महामार्गाचं चौपदरीकरण व्हायचं आहे. प्राथमिक आखणी झाली आहे, भूसंपादन अजून सुरू झालेलं नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वस्ती आहे आणि स्थानिकांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे. वरिष्ठ म्हणतात, एक मोठी सभा घे, सादरीकरण कर, सूचना लिहून घे आणि अहवालाला जोड. मला हे पुरेसं वाटत नाही. अशा सभेत पुढच्या रांगेतले चारजण बोलतात, आणि ज्यांना रोज रस्ता ओलांडायचा आहे ते मागे गप्प उभे राहतात. भीतीही आहे: लोकांना विचारलं आणि त्यांनी मागितलेलं देता आलं नाही, तर नाराजी वाढणार. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगावं.

साखळी_क्रमांक:
माझी बरीच नोकरी आखणी आणि भूसंपादनाच्या कामात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

सभेच्या आधी वरिष्ठांसोबत बसा आणि एका कागदावर लिहून घ्या: काय ठरलंय आणि काय अजून ठरायचंय. वळणरस्ता की आहे त्याच मार्गाने? दुभाजक कुठे उघडा ठेवायचा, भुयारी मार्ग कुठे, सेवा रस्ता कुठपर्यंत, बसथांबे कुठे? हा कागद लोकांना जसाच्या तसा दाखवा. ठरलेल्या गोष्टीवर मत मागणं ही फसवणूक आहे आणि लोक ती लगेच ओळखतात. पर्यावरणाच्या निर्णयांत लोकसहभागाबद्दल १९९८ साली झालेल्या आर्हुस या आंतरराष्ट्रीय करारात हेच कलम आहे: सगळे पर्याय खुले असतील त्या टप्प्यावरच लोकांना सहभागी करून घ्यायचं. तुमचं भूसंपादन सुरू झालेलं नाही, म्हणजे वेळ योग्य आहे.

मग नकाशा घेऊन रस्त्यावर चाला. शाळा सुटताना एकदा, अंधार पडल्यावर एकदा. "रस्ता कसा हवा?" असं विचारू नका, त्यावर भाषणं मिळतात. "रोज कुठून कुठे ओलांडता? बरोबर कोण असतं? डोक्यावर ओझं असतं का?" असं विचारा. आपले आराखडे सामान्य माणसाला वाचता येत नाहीत. हवाई छायाचित्र मोठं छापून त्यावर आखणीची रेघ मारा. स्वतःचं घर, विहीर, झाड दिसलं की माणूस बोटाने दाखवत बोलू लागतो.

पाण्याबद्दल म्हाताऱ्या माणसांना जरूर विचारा. मोरीचा, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटेचा आकार आपण पाणलोट आणि पाऊस यांवरून काढतो, आणि ते गणित बरोबरच असतं. पण एखाद्या शेताचा बांध फिरवल्यापासून पाणी कुठून वळतं, हे जुन्या नकाशात नसतं. भराव चढला की तो बंधाऱ्यासारखा वागतो आणि मोरी चुकीच्या जागी असेल तर वरची जमीन बुडते.

बायकांची बैठक वेगळी घ्या. ज्यांच्या नावावर जमीन नाही, म्हणजे टपरीवाले, कुळं, भाडेकरू, त्यांना मुद्दाम शोधा. भूसंपादनाच्या यादीत त्यांचं नाव बऱ्याचदा येतच नाही, आणि पोट मात्र त्यांचंच जातं.

नाराजीची भीती अनाठायी नाही, पण नकाराने माणूस जितका चिडतो त्याहून जास्त उत्तरच न मिळाल्याने चिडतो. प्रत्येक सूचनेसमोर लिहा: स्वीकारली, बदलून स्वीकारली, किंवा नाकारली आणि का. तो तक्ता घेऊन त्याच वस्तीत परत जा.

पलीकडची_वस्ती:
आमच्याकडे रुंदीकरण झालं तेव्हा सभा झाली होती. दिवे कुठे हवेत ते विचारलं. दुभाजक सलग बंद होणार, हे कुणी सांगितलं नाही. शाळा एकीकडे, वस्ती दुसरीकडे. नंतर पादचारी पूल आला, खूप पायऱ्यांचा. माझ्या सासूबाईंचे गुडघे त्या चढत नाहीत, आणि सायकल घेऊन तर कुणीच चढत नाही. पोरं दुभाजकावरून उड्या मारतात. कुणी एक दिवस आमच्यासोबत चाललं असतं, तर हे सहज दिसलं असतं. तुम्ही चाला, एवढंच कळकळीने सांगते.

नियोजन_शिकवतो:
वरचा अनुभव जगभर दिसतो. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्या रस्त्यांची तुलना केली. कमी वाहतुकीच्या रस्त्यावर माणशी सरासरी ३ शेजारी-मित्र होते, जास्त वाहतुकीच्या रस्त्यावर ०.९. रस्ता रुंद झाला की पलीकडचा शेजार तुटतो, आणि हे नुकसान सहसा अंदाजपत्रकात येत नाही.

साखळी_क्रमांक यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. "रुंदीकरण हवंच का" हा प्रश्नही लोकांपुढे यायला हवा. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून दाखवलं की महामार्गाच्या सगळ्या मार्गिकांची (पदरांची) मिळून लांबी जितकी वाढते, जवळपास त्याच प्रमाणात वाहनांचा प्रवासही वाढतो. लोकांना हे ठाऊक असण्याचा हक्क आहे.

सहभागाने कामं अडतात, असं कुणी म्हणालं तर कोलोराडोतल्या ग्लेनवुड कॅनियनचं उदाहरण द्या. अरुंद दरीतून चौपदरी महामार्ग न्यायचा होता आणि विरोध मोठा होता. नागरिकांची सल्लागार समिती आखणीत बसली. दोन्ही दिशांच्या मार्गिका वेगवेगळ्या उंचीवर, बऱ्याच भागात खांबांवर नेल्या, नदीकाठी सायकलवाट ठेवली. १९९२ साली रस्ता पूर्ण झाला.

नवी_आखणी:
मनापासून आभार. ठरलेलं-न ठरलेलं याची यादी उद्याच मांडते. एक अडचण आहे. मी भुयारी मार्ग सुचवला, तर वरिष्ठ म्हणाले, पाणी साचतं, पादचारी पूलच बरा. यावर काय म्हणू?

साखळी_क्रमांक:
जमीन खोदून केलेल्या भुयारी मार्गात पाणी साचण्याचा धोका असतोच, त्यांचं म्हणणं खरं आहे. पण महामार्गच भरावावर उचलला, तर खालची वाट जमिनीच्या पातळीवर राहते. पायऱ्या नाहीत, पंप नाही. सायकल, बैलगाडी, म्हातारं माणूस सगळे सरळ जातात. त्यासाठी दोन्हीकडे लांब चढ लागतो, भराव आणि जमीन जास्त लागते, आणि वस्तीसमोर भिंत उभी राहते. काहींना ती नको असेल. दोन्ही पर्यायांचे छेद, म्हणजे रस्ता आडवा कापल्यावर कसा दिसेल त्याची चित्रं काढून वस्तीत न्या आणि त्यांच्यासमोर तुलना करा. मात्र महामार्गाच्या पातळ्या पक्क्या होण्याआधी करा, नंतर हा पर्याय उरत नाही.