'पिकू' बघितल्यावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

वैशाली (बी ३०२):
नमस्कार मंडळी. या आठवड्याचा 'पिकू' बहुतेकांचा बघून झाला असेल, म्हणून मी सुरुवात करते. ज्यांचा राहिलाय त्यांनी आधी बघून घ्या, इथे शेवटासकट सगळं येणार आहे.

चित्रपट २०१५चा. दिग्दर्शन शूजित सरकार यांचं, लेखन जूही चतुर्वेदी यांचं. दिल्लीच्या चित्तरंजन पार्कात राहणारे सत्तरीचे भास्कोर बॅनर्जी, त्यांची आर्किटेक्ट मुलगी पिकू, घरातला बुधन आणि टॅक्सी कंपनीचा मालक राणा असे चौघं एका गाडीतून कोलकात्याला निघतात. दीड हजार किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. विमानाने दोन-अडीच तासांचं काम, पण बाबांना आपल्या पोटाची धास्ती. राणाचे ड्रायव्हर पिकूच्या रागाला इतके घाबरतात की तिचं भाडं घ्यायला कुणी तयार नाही, म्हणून शेवटी मालकच गाडी चालवायला बसतो. आणि टपावर बांधलेली बाबांची कमोडची खुर्ची!

या खुर्चीवर मी पहिल्यांदा खूप हसले. मग लक्षात आलं की पिकूने ती घेतलीय म्हणून बाबा कोलकात्याला जाऊ शकतायत. तिने लाज धरली असती तर बाबा दिल्लीतच राहिले असते आणि जन्मभराचं घर त्यांना पुन्हा दिसलं नसतं. मला या चित्रपटात सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. बाकीच्यांनी लिहा.

निखिल (ए ४०४):
मस्त लिहिलंस ताई. एक भर घालतो. 'आनंद'मध्ये (१९७१) अमिताभच्या डॉक्टरचं नाव भास्कर बॅनर्जीच होतं. चव्वेचाळीस वर्षांनी तेच नाव एका सतत तब्येतीची काळजी करणाऱ्या म्हाताऱ्याला मिळालं. या भूमिकेसाठी अमिताभला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'अग्निपथ', 'ब्लॅक' आणि 'पा'नंतरचा चौथा. जूही चतुर्वेदींनाही पटकथा-संवादांसाठी राष्ट्रीय पुरस्कार होता.

देशमुख काका (ए १०१):
अमिताभचं काम उत्तम, त्यात वाद नाही. इरफान तर काय बोलावं, तो गेला याची हळहळ अजून वाटते. पण मला चित्रपट आवडला नाही, स्पष्टच सांगतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत शौचाची चर्चा. जेवणाच्या टेबलावर तेच, ऑफिसात तेच. आमच्या वयाच्या माणसाची एवढीच ओळख उरते का? लोक थिएटरात खदखदून हसले असतील, पण कुणाला हसले? त्या म्हाताऱ्यालाच ना? वार्धक्य हा हसण्याचा विषय नव्हे.

मंदार (सी १०२):
काका, माझ्या बाबांनी पण पंधरा मिनिटांत बंद करायला लावला. म्हणाले, जेवताना नको.

वैशाली (बी ३०२):
काका, तुमचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. माझे सासरे आमच्याकडे असतात, त्यामुळे कुणी वयाची टिंगल केली की मलाही लागतं. पण मला वाटतं इथे आपण म्हाताऱ्याला हसत नाही. भास्कोरबाबू दुबळे नाहीतच. हुशार आहेत, वादात कुणाला ऐकत नाहीत, बाईने लग्न करून नवऱ्याच्या घरात स्वतःला संपवू नये असं ठासून सांगतात. आणि त्याच वेळी अत्यंत स्वार्थी आहेत, कारण मुलीचं लग्न झालं तर आपल्याकडे कोण बघणार ही भीती त्यांना आहे. पडद्यावरच्या वडीलधाऱ्यांना आपण एकतर देव करतो नाहीतर बिचारे. हे दोन्ही नाहीत. हे आपल्या घरातले आहेत.

दुसरं पिकूबद्दल. ती चिडते. ऑफिसात काम चालू असताना बाबांच्या पोटाचा निरोप येतो, हॉटेलात एका मुलाबरोबर जेवायला गेली तरी फोनवर तेच. ती करवादते, बाबांवर ओरडते आणि तरी थर्मामीटर शोधून देते. सांभाळणाऱ्या माणसाला चिडायची मुभा आहे, चिडलं म्हणून माया कमी होत नाही, हे इतक्या उघडपणे मी आधी कुठल्या चित्रपटात पाहिलं नव्हतं. दीपिकाचं मला आवडलेलं सगळ्यात चांगलं काम हेच.

देशमुख काका (ए १०१):
मुलीच्या खाजगी गोष्टी चारचौघांत बोलून दाखवणारा बाप मला तरी आपल्या घरातला वाटत नाही. पार्टीत परक्या तरुणाला तो जे सांगतो ते ऐकून मला तिच्यासाठी शरम वाटली.

वैशाली (बी ३०२):
तिथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे काका. आणि पिकूचा चेहराही तेच सांगतो. चित्रपट त्यांना त्याबद्दल माफ करत नाही.

डॉ. अनघा (सी २०३):
दवाखाना आत्ता संपला, सगळं वाचलं. काका, शौचाच्या चर्चेबद्दल एक डॉक्टर म्हणून सांगते. साठीनंतरचे निम्मे पेशंट पोट साफ होत नाही हे शेवटी, दाराशी जाताना सांगतात, जणू काही गुन्हा कबूल करतायत. तोवर घरात महिनोन्‌महिने इसबगोल, एरंडेल, त्रिफळा, कुणी सांगेल ते चालू असतं. कारणं बहुतेक वेळा साधी असतात. पाणी कमी, जेवणात चोथा कमी, हालचाल कमी, आणि औषधं. लोह, कॅल्शियमच्या गोळ्या, काही वेदनाशामकं, रक्तदाबाची काही औषधं यांनी पोट धरतं. हे उघड बोललं तर औषध बदलता तरी येतं. सवय अचानक बदलली, रक्त पडलं किंवा वजन उतरायला लागलं तर मात्र घरी उपाय करत बसू नका.

राणा कागदावर आकृती काढून भास्कोरबाबूंना उकिडवं बसायचा फायदा समजावतो तो प्रसंग आठवतोय? ते शास्त्र बरोबर आहे. उकिडवं बसल्यावर गुदाशयाला वेढून धरणारा स्नायू सैलावतो आणि मार्ग सरळ होतो. गुडघे दुखत असतील तर कमोडवर बसून पायाखाली छोटा पाट किंवा स्टूल घ्यायचं, तोच परिणाम बऱ्यापैकी मिळतो.

निखिल (ए ४०४):
अशाच धर्तीचा एक अमेरिकन चित्रपट आहे, 'लिटल मिस सनशाइन', २००६चा. घरातल्या लहान मुलीच्या सौंदर्यस्पर्धेसाठी सगळं कुटुंब न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीहून कॅलिफोर्नियाला एका जुन्या पिवळ्या फोक्सवॅगन व्हॅनमधून निघतं. क्लच जातो, मग दर वेळी सगळ्यांनी उतरून गाडी ढकलायची आणि पळत पळत आत चढायचं. कुणी कुणाशी धड बोलत नाही, पण ढकलायला सगळे एकत्र! तिथेही आजोबा सगळ्यात बिनधास्त, आणि ते वाटेतच जातात. ती भूमिका करणाऱ्या ॲलन आर्किन यांना ऑस्कर मिळालं. मला दोन्ही आवडतात, पण 'पिकू' जास्त. भास्कोरबाबू पोहोचतात. सायकलवरून आपल्या कोलकात्यात फिरून येतात, रस्त्यावरचं मनसोक्त खातात, पोट साफ होतं आणि मग झोपेत जातात. मला हा शेवट दुःखाचा वाटलाच नाही.

मंदार (सी १०२):
बनारसच्या घाटावर पिकू आणि राणा बोलत बसतात तो भाग पण सुंदर आहे. गाण्याबिण्यात उडी न मारता दोन माणसं नुसती बोलतात.

सुनंदा काकू (बी १०४):
सगळ्यांचं वाचते आहे. मी बोलून टाइप करते, चुका झाल्या तर समजून घ्या. मला सिनेमा आवडला. आम्ही 'नवरा माझा नवसाचा' बघून असंच हसलो होतो, ती पण सगळी एसटीतली गंमत होती, गणपतीपुळ्यापर्यंतची. पण त्यात सगळे धडधाकट होते.

आता खरं सांगते. प्रवासाला निघायचं म्हटलं की आदल्या संध्याकाळपासून मी पाणी कमी करते. सकाळी चहा पण घेत नाही. गाडीत दहा माणसं असली की थांबवा म्हणायला संकोच वाटतो. ड्रायव्हर पुरुष, सोबत जावई, त्यांना काय सांगणार? आणि थांबवली तरी हॉटेलात तिकडे भारतीय पद्धतीचा असतो, माझे गुडघे वाकत नाहीत, धरायला कडी नसते. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाला याच कारणासाठी गेले नाही, सगळ्यांना सांगितलं की कंबर धरली आहे. सोसायटीच्या सहलीला पण म्हणूनच नाव दिलं नाही. देशमुख भाऊजी म्हणतात एवढीच ओळख का. एवढीच नाही, पण यावरून आमचं जाणं-येणं ठरतं हो.

वैशाली (बी ३०२):
काकू, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

डॉ. अनघा (सी २०३):
काकू, पाणी तोडायचं नाही. प्रवासात पाणी तोडलं की पोट आणखी धरतं, लघवीला जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर चक्करही येऊ शकते. दर दीड-दोन तासांनी थांबायचं आणि थोडं थोडं प्यायचं. गाडी सगळ्यांसाठी थांबते, पाय मोकळे करायला प्रत्येकाला हवंच असतं. एकटीला सांगावं लागणार नाही.

सचिव (ए ३०१):
हा चित्रकट्टा असला तरी सहलीचं इथेच बोलून घेतो. पुणे ते गणपतीपुळे, सातारा-कराड-मलकापूरवरून आंबा घाटाने, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. आतापर्यंत मी फक्त नाश्ता आणि जेवण असे दोनच थांबे धरले होते. ज्येष्ठांपैकी फारच थोड्या जणांनी नावं दिली आहेत, मला वाटलं थंडीमुळे असेल. आता असं करू: दर दीड-दोन तासांनी एक थांबा, आणि प्रत्येक थांब्यावर कमोड आहे का, पकडायला दांडी आहे का, हे निखिलने आधी फोन करून विचारायचं. मुक्कामाच्या ठिकाणी तळमजल्याच्या खोल्या मी आजच मागतो.

निखिल (ए ४०४):
हो, करतो. घाट लागण्याआधी मलकापूरला एक थांबा नक्की ठेवू, पुढे घाटात थांबायची सोय नाही.

मंदार (सी १०२):
बाबांना विचारतो मी पुन्हा. ते पण 'मला समुद्राचं काय कौतुक' म्हणत होते. आता जरा शंका येतेय.

देशमुख काका (ए १०१):
चित्रपटाबद्दल माझं मत तेच आहे, त्यातला आरडाओरडा मला जास्त वाटतो. पण सुनंदाताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ फोन हातात धरून होतो. ही आजारी असताना तिचं पण असंच असायचं. कुठे निघायचं म्हटलं की नको म्हणायची, आणि मी समजायचो तिला हौस नाही.

आमच्या माळ्यावर घडीची कमोडची खुर्ची आहे, तेव्हा घेतलेली. चांगल्या अवस्थेत आहे, फक्त पायांची रबरी टोपणं झिजली आहेत, ती मी बदलून घेतो. डिकीत सहज मावेल. कापडी आडोसा आणि दोन बादल्या सोबत घेऊ. सहलीपुरतीच नको, पुढेही कुणाला लागली तर माझ्याकडून घेऊन जा.

सचिव (ए ३०१):
काका, खूप आभार. डिकीत तिची जागा आधी ठेवतो, बाकीच्या बॅगा नंतर. नावं बुधवारपर्यंत द्या, मग गाडी पक्की करतो.

सुनंदा काकू (बी १०४):
माझं लिहून घ्या. घाटात मला मळमळतं, पुढची सीट लागेल.

सचिव (ए ३०१):
लिहिलं काकू. पुढची, खिडकीची.