सणाच्या ताटातला नवा पदार्थ: तुमच्या घरी कोणी आणला, आणि राहिला का?

महालक्ष्म्यांच्या सामानाची यादी आमच्याकडे सासूबाई काढतात. यंदा त्या यादीत, वड्यांच्या डाळींखाली, त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'पातोळ्यांसाठी नारळ ४, चिन्नोर तांदळाची पिठी'. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिले.

माझं माहेर रत्नागिरीचं, सासर नागपूरचं, प्रतापनगरात. लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना सोळा भाज्या, आंबील, पडवळाची कढी, पुरण, वर टांगलेला फुलोरा, हे सगळं पाहून मी दबूनच गेले होते. त्यात गौरींना माहेरी होणाऱ्या पातोळ्यांची इतकी आठवण आली, की भीतभीतच विचारलं, करू का? सासूबाई म्हणाल्या, "कर की. पण देवीपुढे एकदा मांडलं की दरवर्षी मांडावं लागतं, पायंडा पडतो. तुझा हात बसू दे, मग नैवेद्यात घेऊ."

तोवर पातोळ्या वाटीत, बाजूला. पहिल्या वर्षी हळदीची पानंच मिळाली नाहीत. गोकुळपेठ बाजार झाला, कॉटन मार्केट झालं. शेवटी केळीच्या पानावर केल्या. सारण छान जमलं होतं, पण तो वास नव्हता, आणि पातोळीत वासच नसेल तर उरतं काय? त्या हिवाळ्यात आणलेल्या ओल्या हळदीचे दोन तुकडे मी जपून ठेवले आणि जूनमध्ये कुंडीत लावले. भाद्रपदापर्यंत पानं हातभर झाली. पिठी सैलसर भिजवून पानावर पातळ पसरली, मध्ये गूळ-खोबरं, पान शिरेवर दुमडलं आणि उकडायला ठेवलं. झाकण काढलं तशी वाफ थेट बैठकीपर्यंत गेली. सासूबाई फुलं निवडत होत्या, त्या हातातलं फूल घेऊनच आत आल्या. चौथ्या वर्षी पातोळीला नैवेद्याच्या ताटात जागा मिळाली, पुरणपोळीच्या शेजारी.

तुमच्या सणाच्या ताटात नवं काय आलं, कोणी आणलं, कोणी हरकत घेतली, आणि दुसऱ्या वर्षी ते राहिलं का? सविस्तर लिहा. प्रमाण आणि कृती असेल तर तीही द्या. (आलेली उत्तरं खाली, लिहिणाऱ्याच्या भागाच्या नावानं.)

महाल

माझं वय ७४. मी सून म्हणून वाड्यात आले तेव्हा आमच्याकडे सोळा भाज्यांत फुलकोबी आणि टमाटर चालत नसत. आजेसासूबाई त्यांना विलायती म्हणत. पडवळ, दोडकं, भेंडी, गवार, कोहळं, अंबाडी, असल्याच भाज्या. बटाटा मात्र चाले! तोही मिरचीसारखा पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आलेला, हे मला शाळेत शिकवलेलं होतं, पण तेव्हा बोलायची सोय नव्हती. पुढे एका वर्षी पाऊस फार झाला, पंधराच भाज्या मिळाल्या, आणि सोळावी म्हणून सासूबाईंनी स्वतः फुलकोबीचे दोन तुरे चिरून घातले. तेव्हापासून फुलकोबी आहे. टमाटर माझ्या सुनेनं आणला, मी अडवलं नाही.

काटोल रोड

आमची संत्र्याची बाग आहे. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहार उतरायला लागतो. साल अजून हिरवट असते आणि फोड आंबटगोड. भाऊबीजेला बासुंदी आमच्याकडे ठरलेलीच, तेव्हा बहिणींसाठी त्यात घरचं संत्रं घालावं असं मनात आलं. दोन लिटर दूध निम्मं होईपर्यंत आटवलं, साखर घातली आणि गरम असतानाच फोडी सोडल्या. डोळ्यांदेखत दूध फाटलं. त्या वर्षी बहिणींना बाजारातून पेढे आणून दिले, आणि मला फार वाईट वाटलं, कारण त्या दोघीही लांबून आल्या होत्या.

आता पद्धत बसली आहे. बासुंदी आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये पूर्ण गार करायची. फोडींची पांढरी साल आणि बिया काढून नुसता गर मोकळा करायचा, चाळणीवर ठेवून जास्तीचा रस निथळू द्यायचा, आणि पानं वाढताना गार बासुंदीत मिसळायचा. आधी नाही. लिटरभर आटीव दुधाला चार संत्री पुरतात. यंदा धाकट्या बहिणीनं ओवाळायच्या आधीच विचारलं, "दादा, संत्र्याची केली ना?"

गोळीबार चौक

आमचं घर सावजी. धुळवडीला मटण नाही असं कधी झालं नाही, मोठ्या गंजात चुलीवर शिजतं, चुलत घरं धरून तीस माणसं. धाकट्या भावानं चार वर्षांपूर्वी मांसाहार सोडला. पहिल्या धुळवडीला तो पोळी-लोणचं घेऊन गच्चीवर जाऊन बसला. आई ते बघून रडली. "सणाच्या दिवशी तो काय खाईन मग?" एवढंच म्हणत होती.

पुढच्या वर्षी तिनं कच्चं फणस आणलं. मार्च महिन्यात बाजारात मिळतं. हाताला आणि विळ्याला तेल लावून चिरायचं, नाहीतर चीक दोन दिवस सुटत नाही. फोडी हळद-मिठाच्या पाण्यात अर्ध्या शिजवून, तेलात लालसर परतून घ्यायच्या. मसाला तोच, मटणाचा: धने, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, मिरे, सगळं भाजून वाटलेलं, आणि रश्श्याला दाटपणा यायला भाजलेलं ज्वारीचं पीठ. फक्त गंज वेगळा, चमचा वेगळा. हे आईनं फार काटेकोर पाळलं. भाऊ पंगतीत सगळ्यांच्या मधोमध बसून जेवला. आता निम्मी पंगत तर्री दोन्हीकडची मागते.

दीक्षाभूमीजवळ

१४ ऑक्टोबर १९५६ ला माझे आजोबा दीक्षेला उभे होते. तेव्हापासून विजयादशमीला आमच्या घरी बाहेरगावचे पाहुणे उतरतात, कधी वीस, कधी चाळीस. जेवण ठरलेलं: पुरी, आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, खीर. रायपूरच्या वहिनीनं त्यात फरा आणला. तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या वळ्या, वाफवून तीळ, मोहरी, हिरवी मिरची आणि सांबारची (कोथिंबिरीची) फोडणी. पहाटे गाडीतून उतरलेल्या माणसाला पाच मिनिटांत गरम प्लेट देता येते, म्हणून तो राहिला. पाहुणे आता आमच्या घराला फऱ्याचं घर म्हणतात. आजोबांनी वहिनीचा फरा खाल्ला नाही, ते त्याआधीच गेले, ही एक रुखरुख.

मनीषनगर

सगळ्यांचं वाचून आनंद झाला. माझा अनुभव उलटा आहे, तरी लिहिते.

आमच्या महालक्ष्म्यांत मी उत्साहानं दरवर्षी काही ना काही वाढवत गेले. मक्याची टिक्की, फ्रूट कस्टर्ड, पनीरची भाजी. मुलं खूश, पाहुणे खूश. ताट तेवढंच, त्यात मावणार किती? आंबील कोणी फारसं खात नाही म्हणून मी आधी ती चमचाभर केली, नंतर फक्त देवीपुरती, आणि एका वर्षी आदल्या रात्री पीठ भिजवायचंच राहिलं. मी ती गाळली. आई (सासूबाई) काही बोलल्या नाहीत. जेवताना त्यांनी ताटाच्या रिकाम्या कडेवर एकदा बोट टेकवलं, आंबिलीची वाटी असते तिथे, आणि पुढचा घास घेतला.

त्या पुढच्या महालक्ष्म्यांना नव्हत्या.

प्रतापनगरच्या ताईंच्या सासूबाई पायंड्याचं बोलल्या, ते मला आतपर्यंत लागलं. नवं करायला माझी हरकत अजूनही नाही, टिक्की आहेच, नातीला आवडते. पण कस्टर्ड मी बंद केलं आणि आंबील परत सुरू केली. आईंची कृती कुठे लिहिलेली नव्हती. नणंदबाईंना फोन करून विचारली: दोन वाट्या ज्वारीचं पीठ, आंबट ताक, रात्रभर झाकून. सकाळी पाणी उकळून त्यात हळूहळू सोडायचं, सतत ढवळायचं, मीठ, जिरं, ओल्या खोबऱ्याचे काप. पहिल्या खेपेला गुठळ्या झाल्या. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, आई एका हातानं ओतायची आणि दुसरा हात थांबू द्यायची नाही." आता तसंच करते. नात शेजारी स्टुलावर उभी राहून ओतते, मी ढवळते.