हाकेला ओ नाही, पण गाणं लागलं की वळतो
वर विचारलंय की १४ महिन्यांचं बाळ हाकेला बघत नाही पण मोबाइलवर गाणं लागलं की वळतं, म्हणजे ऐकू येतंय ना? तरी आधी कानांची टेस्ट कराच, कमी ऐकणारी मुलंही काही आवाजांना वळतात. ऑटिझमची शंका असेल तर मी बाळाच्या बोट दाखवण्याकडे जास्त बघेन. बिस्किट हवंय म्हणून दाखवणं वेगळं आणि विमान दाखवून परत आपल्या तोंडाकडे बघणं, आई बघतेय ना म्हणून, ते वेगळं, हे दुसरं १८ महिन्यांपर्यंत दिसायला हवं. १६ महिन्यांपासून एम-चॅट, म्हणजे ऑटिझमची शक्यता आहे का हे बघणारी पालकांसाठीची प्रश्नावली, भरता येते, पण ते निदान नव्हे हां. आणि येणारे शब्द बंद झाले असतील तर 'मुलगे उशिराच बोलतात' वगैरे ऐकत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.