‘सायबर-फिजिकल सिस्टीम’ला मराठीत काय म्हणावं?

मुद्रितशोधक: उत्पादन-अभियांत्रिकीच्या एका प्रशिक्षण पुस्तिकेत ‘सायबर-फिजिकल सिस्टीम’ (यंत्रावरून माहिती घेऊन, गणित करून यंत्राला वळवणारी जोडणी) पानोपानी येतं. अनुवादात कुठे ‘सायबर-भौतिक प्रणाली’ आहे, कुठे ‘आभासी-भौतिक व्यवस्था’, आणि एका ठिकाणी चक्क ‘आंतरजाल-यंत्रणा’. एकच ठेवायचा आहे. कोणता?

कर्णधार: तिसरा आधी खोडा, पाठोपाठ दुसरा. सायबर म्हणजे इंटरनेट हा समज सायबर कॅफे आणि सायबर गुन्ह्यांनी रुजवला. मूळ ग्रीक ‘क्युबरनेटेस’ म्हणजे नावेचं सुकाणू धरणारा. त्यावरून नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ साली ‘सायबरनेटिक्स’ हे नाव पुढे आणलं: प्राणी आणि यंत्र यांच्यातल्या नियंत्रणाचा आणि संदेशवहनाचा अभ्यास. ‘सायबर-फिजिकल’ हा जोडशब्द २००६ च्या सुमाराचा, अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमधल्या हेलन गिल यांचा. त्यातला सायबर सुकाणूच्या अर्थाने वाचला की सगळं जुळतं. ‘आभासी’ म्हटलं की नेमकं सुकाणूच गळून पडतं.

(संस्कृतात कर्ण म्हणजे सुकाणूही. कर्णधार तिथूनच आला, क्रिकेटमधून नाही.)

कातकाम: यंत्राच्या बाजूने उदाहरण देतो. सीएनसी, म्हणजे संगणकाने चालवलेल्या यंत्राचा बॉलस्क्रू (टेबल सरकवणारा आट्यांचा दांडा) सतत फिरून तापतो. पोलाद दर मीटरला दर अंश सेल्सिअसला साधारण १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. म्हणजे ५०० मिमी लांबीचा स्क्रू १० अंशांनी तापला तर ६० मायक्रॉन वाढणार. जॉबची, म्हणजे घडवायच्या भागाची टॉलरन्स (चालणारी तफावत) ±२० मायक्रॉन असेल तर तो रिजेक्ट.

आता तापमान नुसतं पडद्यावर दिसत असेल तर ती देखरेख झाली. तेच तापमान कंट्रोलरने वाचलं, वाढ किती झाली याचं गणित केलं आणि अक्षाची स्थिती तेवढी सरकवली, तर ते सुकाणू. माझी कसोटी एवढीच: यंत्राकडे परत काही जातं का?

गणित कुठे चुकतं तेही पुस्तिकेत असू द्या. स्क्रू एका टोकाला पक्का धरलेला असेल तर त्या टोकाशी वाढ जवळपास शून्य आणि दूरच्या टोकाला पूर्ण ६०. सरसकट ६० वजा केले तर जवळचे जॉब बिघडतात. दुसरं, सेन्सर बेअरिंगच्या घरावर बसवला तर घर आधी तापतं, स्क्रू मागाहून. सुरुवातीला दुरुस्ती जास्त होते, आणि यंत्र थांबून पुन्हा सुरू झालं की उलटी चूक. टेबलाची जागा थेट मोजणारी काचेची लिनियर स्केल असेल, तर स्क्रूच्या वाढीचा हा प्रश्न बहुतांशी मिटतोच.

मुद्रितशोधक: मग हे ऑटोमेशनच झालं ना? ‘स्वयंचलन’ का नको?

कर्णधार: वाफेच्या इंजिनावरचा दोन गोळ्यांचा गव्हर्नर आठवा. वेग वाढला की गोळे फाकतात, झडप आवळली जाते. सुकाणू आहे, पण गणित करणारं कोणी नाही. मजा म्हणजे ‘गव्हर्नर’ हा शब्दही त्याच ग्रीक शब्दाचा, लॅटिनमार्गे आलेला. स्वयंचलनात हेही बसतं आणि नुसत्या टायमरवर चालणारा पंपही. सायबर-फिजिकलमध्ये संवेदन, संगणन, कृती आणि त्यांना जोडणारं जाळं, चारही एकत्र लागतात.

लॅडर: त्याच पुस्तिकेत ‘रिअल टाइम’ला ‘वास्तव वेळ’ केलं असेल तर तेही काढा. ‘तात्काळ’सुद्धा चूक. इथे प्रश्न वेगाचा नाही, मुदत पाळण्याचा आहे. पीएलसी (यंत्रं चालवणारा कारखान्यातला छोटा संगणक) एका फेरीत इनपुट वाचतो, लॉजिक चालवतो, आउटपुट लिहितो. फेरी १० मिलिसेकंदांची धरा. वाचन संपल्याबरोबर सेन्सरचा सिग्नल आला तर तो पुढच्या फेरीत वाचला जाणार, म्हणजे आउटपुटला जवळपास २० मिलिसेकंद. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर चालत असेल तर वस्तू तोवर १० मिमी पुढे. सिग्नल वाचनाच्या अगदी आधी आला तर एकाच फेरीत काम, म्हणजे ५ मिमी. कायमचा १० मिमी उशीर सेटिंगमध्ये भरून काढता येतो. कधी ५, कधी १० असेल तर नाही. ढकलणारा सिलिंडर खोक्याच्या मध्यावर लागत नाही आणि फिटर उगाच हवेचा दाब बदलत बसतो.

म्हणून मी ‘मुदतबद्ध’ सुचवेन.

मुद्रितशोधक: बँकेतली मुदत ठेव आठवते.

लॅडर: आठवू द्या, तिथेही तारीख चुकवून चालत नाही. ‘कालबद्ध’ घेतला असता, पण तो कालबद्ध कार्यक्रमांनी पार सैल करून टाकलाय.

कातकाम: ‘डिजिटल ट्विन’चं, म्हणजे यंत्राच्या संगणकातल्या जोडीदाराचं काय केलंत?

मुद्रितशोधक: ‘अंकीय प्रतिकृती’.

कातकाम: नको. हाताने माहिती भरावी लागते ती प्रतिकृती. यंत्राकडून माहिती आपोआप येते, पण परत काही आपोआप जात नाही, ती सावली. दोन्हीकडून आपोआप जाते-येते तेव्हा जुळं. इंग्रजीतही मॉडेल, शॅडो, ट्विन असे तीन वेगळे शब्द आहेत. विक्रीच्या माहितीपत्रकातली बरीच ‘जुळी’ तपासली तर सावल्या निघतात. तुम्ही जुळ्याला प्रतिकृती म्हटलंत तर हा फरक सांगायला शब्दच उरत नाही.

मुद्रितशोधक: मान्य. ‘डिजिटल जुळं’. आता शेवटचं, प्रणाली की यंत्रणा?

कर्णधार: यंत्राशी नातं म्हणून यंत्रणा मोहात पाडते. पण तपास यंत्रणा, पोलीस यंत्रणा इतकं वाचलंय की ‘सायबर-भौतिक यंत्रणा’ ऐकून लोकांना सायबर पोलीसच आठवतील. प्रणाली म्हणजे संस्कृतात पाण्याचा पाट. माहिती वाहती राहण्याशी तो अर्थ बरा जमतो, भले वापरताना कोणी त्याचा विचार केलेला नसो. ‘सायबर-भौतिक प्रणाली’ ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे सुकाणूचं एक वाक्य टाका.

लॅडर: सेन्सरला ‘संवेदक’ चालेल. ॲक्च्युएटरला (आदेश मिळताच हालचाल घडवणाऱ्या भागाला) मात्र ‘चालक’ करू नका, ड्रायव्हर वाटतो, आणि मोटरला वीज पुरवणारा ड्राइव्ह त्याच पानावर वेगळा असतो. ॲक्च्युएटर तसाच राहू द्या.