मदत हवी आहे: पावसाची सुट्टी खरी की फॉरवर्ड, कळायचं कुठून?

मुलगी तिसरीत, कुर्ल्यात दुपारची शाळा, खाजगी आहे, आम्ही घाटकोपरला. रेड अलर्ट आला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुट्टीचं पत्र फिरतं आणि निम्म्या वेळा ते गेल्या वर्षीचं निघतं (तारीख कोणी बघतच नाही!). 18 ऑगस्ट 2025 ला महापालिकेने दुपारच्या सत्राला सुट्टी सकाळीच जाहीर केली, तसं आयत्या वेळी झालं की आमची पंचाईत, कारण आम्ही दोघं तोवर लोकलमध्ये असतो आणि घरी फक्त सासूबाई, त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. एक्सवर महापालिकेचं माय बीएमसी खातं फॉलो करते, त्यांच्या 1916 हेल्पलाइनला फोन लावला तर बराच वेळ एंगेज, शाळेच्या अ‍ॅपवर मेसेज येतो पण बस निघाल्यावर. क्लास टीचरना विचारलं तर म्हणाल्या ऑफिसला विचारा, ऑफिस फोन उचलत नाही. बस बंद करून स्वतः सोडणं जमणार नाही, ते कृपया सुचवू नका.

तर साध्या फोनवर एसएमएस किंवा कॉल येईल अशी सोय कोणाच्या शाळेने केलीय का, आणि बस अर्ध्या वाटेत असताना सुट्टी लागली तर मुलांना परत घरी आणायचं कोण ठरवतं, शाळा की बसवाला?